गोबर गॅस कोणाला परवडला?

पर्यावरणाला जपून जगणे सामान्य घराला परवडते का, हा प्रश्न हल्ली सौर पॅनेल आणि विजेवरच्या स्कूटरच्या निमित्ताने विचारला जातो, आणि तो जणू आजच पडला आहे अशा थाटात विचारला जातो. महाराष्ट्रातल्या खेड्यांनी साठ वर्षांपूर्वीच या प्रश्नासाठी परसात खड्डा खणला होता. गोबर गॅसचे गणित कागदावर अगदी बिनचूक होते. इंधन घरच्या गोठ्यातले, वापरून झाल्यावर तेच शेतात खत म्हणून जाणारे, धूर नाही, झाडतोड नाही आणि रोजचा खर्च जवळपास शून्य. तरीही देशात आजवर बांधल्या गेलेल्या घरगुती संयंत्रांचे आकडे पन्नास लाखांच्या आसपास थांबतात. सरकारचाच जुना अंदाज १ कोटी २० लाखांचा होता. यात महाराष्ट्राचा वाटा नऊ लाखांच्या घरात, म्हणजे देशात सर्वांत मोठा. एवढी चांगली गोष्ट निम्म्याच्या आतच का अडली, याची नेहमीची उत्तरे लोकांचे अज्ञान, बायकांच्या सवयी आणि यंत्रणेचा आळस अशी असतात. मला यातले एकही पुरेसे वाटत नाही. गरीब घर वस्तूची किंमत महिन्याच्या किंवा वर्षाच्या हिशेबाने मोजत नाही. एका वेळी हातातून किती रक्कम सुटते, ते पाहते. गोबर गॅस अडला तो या एका जागी.

आधी अज्ञानाचा आरोप निकालात काढू, कारण तो फार जुना आहे. शेतकरी सोन्यासारखे खत चुलीत घालतो, त्याला शेतीच कळत नाही, असे इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात सर्रास लिहीत. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाला सरकारने १८८९ मध्ये हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला पाठवले. त्याचा अहवाल १८९३ मध्ये छापला गेला आणि त्यात त्याने हा समज स्पष्ट शब्दांत खोडून काढला. शेणाचे मोल शेतकऱ्याला ठाऊक आहे, पण सरपण मिळत नाही म्हणून तो शेण जाळतो, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि उपाय म्हणून त्याने गावांजवळ इंधन-चाऱ्यासाठी राखीव वने उभारायला सांगितले. सरपण का मिळत नव्हते, हेही गूढ नव्हते. १८७८च्या वन कायद्याने जंगलातल्या वहिवाटीला हक्क न मानता सवलत मानले होते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर भाताच्या राबासाठी लागणारा पालापाचोळासुद्धा वादात सापडला, आणि त्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. तेव्हा ‘पूर्वी सगळे निसर्गाला धरून आणि फुकटात जगत होते’ हे वाक्यही जरा जपून वापरावे. जाळायचे लाकूड कायद्याच्या कुंपणाआड गेले होते. उरलेले इंधन फुकट दिसे, कारण ते गोळा करणाऱ्या, थापणाऱ्या आणि धुरात डोळे चोळत फुंकणी मारणाऱ्या बाईची मजुरी कोणी हिशेबात धरत नव्हते. देशावर तुराट्या, विदर्भात पऱ्हाटी आणि सगळीकडे गोवऱ्या. याला पर्यावरणस्नेही म्हणायचे असेल तर त्यातल्या ‘स्नेहा’चा खर्च कोणाच्या छातीवर आणि कंबरेवर पडत होता, तेही लिहायला हवे.

गोबर गॅसच्या शास्त्राचा महाराष्ट्राशी संबंधही जुना आहे. माटुंग्याच्या महारोगी आश्रमात १८९७च्या सुमारास मैल्यापासून निघणारा वायू दिवे लावायला वापरला गेल्याची नोंद बायोगॅसच्या इतिहासात कायम दिली जाते. शेणावरचे पद्धतशीर प्रयोग १९३०च्या दशकाच्या शेवटी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी सुरू केले. घरात बसवता येईल असे संयंत्र १९५०च्या सुमारास जशभाई पटेल यांनी बनवले आणि त्याचे नाव ठेवले ‘ग्रामलक्ष्मी’. मुंबईत मुख्यालय असलेल्या खादी ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो नमुना सुधारून हाती घेतला. जमिनीत विटांची विहीर आणि तिच्यावर तरंगणारी लोखंडी टाकी, असा तो नमुना. गॅस भरला की टाकी वर येते, वापरला की खाली बसते. किती शिल्लक आहे हे घरातल्या पोरालाही लांबून कळते. नमुना इतका सोपा की अजूनही त्याला तोड नाही. पण खर्चाचा फार मोठा भाग त्या एका टाकीत होता. तिला दरवर्षी रंग लागे, नाही लावला तर गंज खाऊन टाकी फुटे, आणि नवी टाकी म्हणजे पुन्हा तोच खर्च. लोखंड टाळायचे म्हणून चिनी घुमटाच्या धर्तीवर १९७८ मध्ये ‘जनता’ आणि १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ हे विटा-सिमेंटचे नमुने आले. ते स्वस्त होते खरे, पण घुमटाला केसाएवढी चीर पडली तरी गॅस निसटतो, आणि असा घुमट बांधणारा गवंडी गावोगाव मिळत नव्हता. आणि नावे पाहा: ग्रामलक्ष्मी, जनता, दीनबंधू. प्रत्येक वेळी नाव गरिबाचे होते.

हे संयंत्र रोज चालवायला काय लागते, ते बारकाईने पाहिल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण दोन घनमीटरचे संयंत्र लागते. त्याला रोज पन्नास किलोच्या आसपास ताजे शेण हवे. मध्यम जनावर दिवसाला दहा किलो शेण देते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे पाहिजेत, तीही दिवसभर रानात न फिरता गोठ्यात राहणारी, कारण चरायला गेलेल्या जनावराचे निम्मे शेण गायरानातच पडते. सकाळी गोठा झाडला की शेण घमेल्याघमेल्याने हौदात टाकायचे, तितकेच पाणी ओतायचे, हातापायांनी किंवा लाकडी दांड्याने कालवायचे, काडी, गवत, खडा वेचून काढायचा, नाहीतर आतला पाइप तुंबतो. मग बूच ओढून शेणकाला विहिरीत सोडायचा. पन्नास लिटर पाणी म्हणजे तीन-चार हंडे. ज्या गावात पिण्याचे पाणी टँकरने येते तिथे हे तीन हंडे कोण ओतणार? थंडीत जंतू मंदावतात, गॅस कमी येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पाणी तापवायला जास्त लागतो. दुष्काळ पडला आणि जनावरे विकली की संयंत्र आपोआप बंद. शिवाय जागा हवी, घराला लागून पण विहिरीपासून लांब, वर ऊन पडणारी. गावठाणात भिंतीला भिंत लागलेल्या घरांकडे ही जागा नव्हती, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीकडे तर कधीच नव्हती. थोडक्यात, हे फुकटचे इंधन मिळवायला आधी जनावरे, पाणी, जागा आणि टाकीचा पैसा या चारही गोष्टी घरात असाव्या लागत. अशा घराला गावात गरीब कोणी म्हणत नाही.

ही गोष्ट नंतर सुचलेली नाही. १९७४ मध्येच मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त सी. आर. प्रसाद, के. कृष्ण प्रसाद आणि अमूल्य रेड्डी यांनी गोबर गॅसवर मोठा लेख लिहिला होता. घरटी संयंत्रे पुरेशी जनावरे असलेल्यांनाच उपयोगी पडतील, म्हणून गावपातळीवरच्या मोठ्या संयंत्रांचा विचार करा, अशी त्यांची मांडणी होती. त्या काळच्या टीकेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. गोबर गॅस येईपर्यंत रस्त्यावरचे, गायरानातले, कधी बागायतदाराच्या गोठ्यातलेसुद्धा शेण भूमिहीन घरातल्या बाईला उचलता येई. त्याच्या गोवऱ्या थापून ती स्वतःची चूल पेटवी आणि उरलेल्या बाजारात विकी. गोठेवाल्याच्या परसात संयंत्र बसले की त्याच शेणाला मोल आले. आता ते कोणी उचलू देत नसे. म्हणजे एका घराचा धूर गेला आणि दुसऱ्या घराचे इंधन गेले. टाकाऊ वस्तूला बाजारभाव आला की तिच्यावर जगणाऱ्याला ती महाग होते, हा नियम नंतर भंगार, रद्दी आणि प्लास्टिकच्या बाबतीतही दिसला, पण शेणाच्या बाबतीत तो आधी दिसला होता. सामूहिक संयंत्रांचा उपायही सोपा ठरला नाही. रेड्डींच्याच प्रेरणेने कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या गावात १९८७ पासून असे संयंत्र चालवले गेले. तिथे आढळले की गावातले सगळे शेण गोळा केले तरी सर्वांच्या स्वयंपाकाला पुरत नाही. मग त्या गॅसवर इंजिन चालवून गावाला नळाचे पाणी आणि दिवे दिले गेले. ज्याने जितके शेण आणून दिले त्याला तितकी मळी परत आणि आणून देण्याचे थोडे पैसेही. ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते, कारण तीत एकच जनावर असलेल्या बाईचाही हिशेब धरला होता. ती पसरली नाही, कारण असा हिशेब रोज सकाळी कोणीतरी ठेवावा लागतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की पहिल्या खर्चासाठीच तर सरकारने अनुदान दिले. १९७३च्या तेलसंकटानंतर सरकारला गोबर गॅसची निकड पटली आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. पुढे त्याची नावे बदलत गेली, पण अनुदान आजही आहे. २०२२ पासून दोन ते चार घनमीटरच्या संयंत्राला केंद्राचे १४,३५० रुपये मिळतात. आक्षेप खरा आहे, पण अनुदान हातात कधी पडते ते पाहा. आधी खड्डा खणा, विटा आणा, गवंड्याला पैसे द्या, गॅस पेटवून दाखवा, मग तपासणी होते आणि मग रक्कम खात्यावर येते. मधल्या काळासाठी ज्याच्याकडे पैसा किंवा पत आहे त्यालाच अनुदान मिळू शकते. बँकेचे कर्ज मिळते, पण त्यासाठी सातबारा लागतो. आणि या योजनेत जनावरासाठी तरतूदच नाही. हे अनुदान ज्याला संयंत्र जवळपास परवडतच होते त्याचा भार हलका करते. ज्याला ते परवडत नव्हते त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही.

याच काळात गरीब घराने कोणते इंधन स्वीकारले? रॉकेल. पर्यावरणाच्या दृष्टीने ते वाईट, खनिज तेल, धूर, वास, स्टोव्हच्या भडक्याची भीती. तरीही ते घराघरात गेले, कारण ते बाटलीने मिळे. रेशनचे आले की डबा भरायचा, संपले की दुकानातून शेरभर, पावशेरभर. वातीच्या स्टोव्हला फार पैसे लागत नसत, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी हातात आली की त्या दिवशीचे तेल घेता येई. वर्षाचा हिशेब मांडला तर रॉकेल गोबर गॅसपेक्षा कितीतरी महाग पडे. पण वर्षाचा हिशेब मांडायला वर्षाचे पैसे एकदम दिसावे लागतात. ज्याची मिळकत रोजची त्याचा खर्चही रोजचा, आणि ही सवय अज्ञानातून आलेली नसून अगदी चोख व्यवहारातून आली आहे. दुकानदारांना हे केव्हाच कळले होते, म्हणून शाम्पू पुडीत आला आणि तेल पिशवीत. सरकारी पर्यावरण मात्र कायम ठोक भावात विकले गेले.

याच्या उलट बाजू पाहायची तर कोल्हापूरकडे पाहावे. गोबर गॅसमध्ये हा जिल्हा राज्यात कायम पुढे राहिला, आणि त्याचे श्रेय लोक तिथल्या शेतकऱ्याच्या जागरूकतेला देतात. जागरूकता असेलही, पण तिथे आणखी काही होते. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघामुळे म्हैस ही शेतीची जोड न राहता घरच्या रोख उत्पन्नाचा आधार झाली. दुधाची म्हैस गोठ्यात बांधून ठेवली जाते, म्हणून शेण घरातच. उसामुळे ओला चारा आणि विहिरीला पाणी. आणि दुधाचे बिल दर दहा दिवसांनी. त्या बिलातून पशुखाद्याचे पैसे कापून घेण्याची पद्धत सहकारी दूध संस्थांत रुळलेली होतीच, कर्जाचा हप्ताही त्याच वाटेने जाऊ शके. दहा दिवसांच्या कमाईतून दहा दिवसांचा हप्ता गेला की मोठी रक्कम मोठी वाटत नाही. शिवाय संडास जोडलेली संयंत्रे वाढली तशी बायकांची पहाटेची पायपीटही वाचली. ती सोय गॅसइतकीच मोलाची होती, आणि कोणत्याही अहवालात तिला पैशांत मोजलेले नसते. पण कोल्हापूरचे उदाहरण सबंध राज्याला लावणे चुकीचे आहे. जत, आटपाडी किंवा बीडकडच्या कोरडवाहू पट्ट्यात दूध, पाणी आणि संस्था यांचा असा मेळ बसलेला नव्हता, आणि तिथला माणूस वर्षातले काही महिने ऊसतोडीला परमुलखात असे. पालात राहणाऱ्याला संयंत्र कुठे बांधायचे?

संडासाच्या जोडणीची ही वाट महाराष्ट्राच्या इतिहासात वेगळ्या ठिकाणाहून आली. ‘कोकणचे गांधी’ म्हटले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून सोनखत करण्याचे आणि भंगीमुक्तीचे प्रयोग करत होते. त्यांच्या कामाने प्रभावित झालेले डॉ. सुहास विठ्ठल मापुस्कर १९६०च्या सुमारास देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. गावाला संडास मिळावेत म्हणून त्यांनी अनेक वर्षे खपून मैल्यावर चालणारे ‘मलप्रभा’ संयंत्रही विकसित केले. त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली ती २०१७ मध्ये. मैल्याच्या गॅसवर भाकरी भाजायची कल्पना लोकांना पचायला जड गेली, हे खरे. पण आकडाही ध्यानात ठेवावा. एका माणसामागे दिवसाला पंचवीस-तीस लिटर गॅस निघतो आणि त्याच माणसाच्या स्वयंपाकाला त्याच्या दहापट लागतो. तेव्हा जनावर नसलेल्या घराची चूल निव्वळ संडासावर पेटणार नव्हती. मापुस्करांच्या कामाचे मोल स्वच्छतेत होते.

आता शेवटचा आणि सर्वांत जोरकस आक्षेप: हा सगळा वाद एलपीजीने निकालात काढला, मग जुने शेण उकरायचे कशाला? १९५५ मध्ये मुंबईत बर्मा शेलने आणलेला हा गॅस अनेक दशके शहरी मध्यमवर्गापुरता राहिला. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणे ही त्याची ओळख होती. २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेने सुरुवातीचा खर्च सरकारने उचलायचे ठरवले, जोडणीमागे १,६०० रुपये. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादला दिली गेली. गोबर गॅस जिथे अडला होता तो उंबरा सरकारने ओलांडून दिला, आणि ही खरोखर मोठी गोष्ट होती. धुरातून कितीतरी बायका सुटल्या. पण नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०१९च्या अहवालात या घरांनी वर्षाला भरून घेतलेल्या सिलिंडरांची सरासरी चारपेक्षाही कमी निघाली, आणि एवढ्यात कोणत्याही कुटुंबाचा वर्षाचा स्वयंपाक होत नाही. म्हणजे चूल चालूच होती. कारण तेच, फक्त जागा बदललेली. २०२२च्या पावसाळ्यात मुंबईत सिलिंडर १,०५० रुपयांवर गेला होता, आणि त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. एक सिलिंडर म्हणजे चार दिवसांची सगळी मजुरी, एकाच सकाळी, गाडी दारात उभी असताना. सबसिडी मिळते, पण आधी पूर्ण पैसे मोजायचे आणि नंतर खात्यात यायची वाट पाहायची. गोबर गॅसचे अनुदानही असेच मागून येत होते. पाच किलोचा छोटा सिलिंडर उज्ज्वलात ठेवला गेला तो हेच ओळखून, तरी खेड्यातल्या एजन्सीकडे मोठाच सिलिंडर सहज मिळतो.

हे दोन अनुभव शेजारी ठेवले की आजच्या योजनांकडे पाहण्याची नजर बदलते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या पॅनेलला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. ते पॅनेल बसल्यानंतर मिळते, आणि त्यासाठी स्वतःच्या मालकीचे छप्पर लागते. पुणे महापालिका सौर पाणीतापक, गांडूळखत किंवा पर्जन्यजल साठवण करणाऱ्यांना घरपट्टीत सवलत देते. ही सवलत योग्यच आहे, पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या नावावर घरपट्टीचे बिलच येत नाही, आणि ओला कचरा वेगळा करून रोज खाली नेऊन देणारी कामवाली बाई ज्या वस्तीत राहते तिथल्या पत्र्यावर पॅनेल चढत नाही. या योजना बंद कराव्यात असे मी म्हणत नाही. त्या ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्या नावाने त्या मांडाव्यात, ‘सर्वसामान्यांसाठी’ असे लिहू नये. आणि खरोखर सर्वसामान्यांसाठी काही करायचे असेल तर अनुदानाचा आकडा वाढवण्याआधी ते वस्तू घरात येण्यापूर्वी द्यावे, आणि उरलेली रक्कम घराला ज्या दिवशी पैसा मिळतो त्या दिवशी, त्या मापाने कापून घ्यावी. दूध संस्थांच्या दहा दिवसांच्या बिलात ही सोय गेली साठ वर्षे चालू आहे.